रेवाला आणायला गेलो तेव्हा

शुक्रवार, दि. ७ नोव्हेंबर २०२५. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दुबई विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल ठेवले. प्रवास तेथे सुरू झाला असे मी धरतो. त्याआधी सांगली ते पुणे बस आणि पुणे ते दुबई विमान झाले. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

मी कशासाठी गेलो होतो ते आधी सांगतो. माझी मुलगी मुग्धा चित्रपटांचे संकलन करते, म्हणजे चित्रित झालेले तुकडे निवडून, कापून, जोडते. जावई निखिलराव अबुधाबीजवळ मुसफ्फा येथे पोलादी सांगाड्यांच्या कारखान्यात अभियंता आहेत. त्यांची मुलगी रेवा त्या वेळी दहा महिन्यांची होती. बाळंतपणानंतर मुग्धाला प्रथमच कायम नोकरी मिळाली होती. सोमवार दि. १७ रोजी रुजू व्हायचे, अन्यथा जागा दुसऱ्याला जाणार. इमारतीजवळच्या नर्सरीत एक वर्ष पुरे झाल्याखेरीज मूल घेत नाहीत. म्हणून रेवाला सहा महिन्यांसाठी सांगलीला आजीकडे पाठवायचे ठरले. आखातातल्या आपल्या लोकांत ही रीत जुनी आहे आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. माझी पत्नी सुधा हिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया सप्टेंबरअखेर झालेली. तिला प्रवास वर्ज्य. तेव्हा आणण्याचे काम माझ्याकडे आले. परतीची तिकिटे रविवार दि. १६ ची होती: एक माझे, एक मांडीवरच्या मुलाचे.

देरा

मुग्धाचे घर देरा भागात, चौथ्या मजल्यावर. दोन खोल्या. एका खिडकीतून खाडीची हातभर पट्टी दिसते, दुसरीतून समोरच्या इमारतीचे वातानुकूलन यंत्रांचे डबे. रेवाने माझ्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले. माझी तक्रार नाही. अनोळखी माणसाशी मीही तसाच वागतो.

दुपारी एकटाच खाडीवर गेलो. धक्क्याला लाकडी गलबते तिहेरी रांगांत बांधलेली होती. त्यांवर रेफ्रिजरेटर, टायर, कांद्याची पोती आणि एक पांढरी मोटार चढवीत होते. माल धक्क्यावर उघडा पडलेला असतो आणि त्याला कोणी हात लावीत नाही. मसाल्यांच्या गल्लीत एका केरळी दुकानदाराने सांगलीची हळद म्हणून पुढे केली. मी वास घेतला. सांगलीची नव्हती. तसे त्याला सांगितले. तो म्हणाला, "इन्शाल्ला, पुढच्या वेळी असेल."

संध्याकाळी निखिलराव आले. ते सोमवार ते शुक्रवार कंपनीच्या खोलीत राहतात. रेवा त्यांना पाहून पाव तास रडली, मग गप्प राहिली, मग जवळ गेली. मुग्धा म्हणाली की दर शुक्रवारी असेच होते. रविवारी दुपारपर्यंत ती त्यांच्या मांडीवरून उठत नाही, आणि तेव्हा ते निघतात.

जेवताना मी विचारले की नर्सरी जानेवारीत घेणार, तर पाठवणी सहा महिन्यांची का. निखिलरावांकडे उत्तर तयार होते. "बाबा, प्रॅक्टिकली बघितलं तर एकदा पाठवायचंच आहे, मग नीट पाठवू. तोवर चालायला लागेल, बाटली सुटेल. इथे आल्यावर सेटल व्हायला सोपं." मुग्धा वरण वाढीत होती. मला उत्तर पटले, आणि तो विषय मी तेथे संपवला.

मुसफ्फा

रविवारी दि. ९ रोजी आम्ही सगळे निखिलरावांना सोडायला भाड्याच्या गाडीने मुसफ्फाला गेलो. रस्ता सपाट आहे. वाळू, तारेचे कुंपण, विजेचे मनोरे, पुन्हा वाळू. मुसफ्फा हे औद्योगिक वसाहतीचे गाव. आपल्याकडच्या एमआयडीसीतून झाडे आणि चहाच्या टपऱ्या काढून टाकल्या आणि तिला दहापटीने वाढवले, तर अंदाज येईल.

निखिलरावांची खोली दोघांत एक. दोन पलंग, दोन कपाटे, एक इस्त्री. भिंतीला रेवाचे छायाचित्र चिकटवले होते, ती तीन महिन्यांची असतानाचे. खाली आवारात कामगारांच्या बसगाड्या लागत होत्या. रविवारची संध्याकाळ असल्याने कठड्यावर वीस-पंचवीस माणसे ओळीने बसली होती आणि प्रत्येकाच्या हातातल्या फोनवर एक लहान मूल होते. तेलुगू, पंजाबी, बंगाली, आपल्या हिंदीसारखे काही. एक जण आपल्या मुलाला पाढे म्हणायला लावीत होता. मूल चुकले की तो हसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

या माणसांना कोणी वाईट बाप म्हणत नाही. मीही म्हटले नाही. तेव्हा ही गोष्ट केवळ पाहिली. तिचा उपयोग पुढे झाला.

पुन्हा देरा

बुधवारी दि. १२ रोजी दोन कामे केली. पहिले ना-हरकत पत्राचे. आईबापांशिवाय तान्हे मूल देशाबाहेर नेताना त्यांच्या सहीचे पत्र जवळ असावे लागते. अशी कागदपत्रे तेथे टायपिंग सेंटर नावाच्या दुकानांत करून मिळतात. दुकानदार अरबी आणि इंग्रजी दोन्ही मजकूर घालून देतो. मी जिल्हा न्यायालयात छत्तीस वर्षे नोकरी करून अधीक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. मसुदा मीच केला. 'कालावधी: सहा महिने' असे लिहिले आणि मुग्धाला वाचून दाखवले. तिने एकदा ऐकले, पुन्हा वाचायला सांगितले, आणि मग दूध उतू जात नसतानाही स्वयंपाकघरात गेली.

दुसरे काम माझ्या शिक्षणाचे. शेजारी फिलोमिनाबाई राहतात. वसईच्या, एका हॉटेलात लाँड्री विभागाच्या प्रमुख, वय पन्नासच्या पुढे. येताना सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, घेऊन आल्या. त्यांनी आपली दोन्ही मुले वसईला आईकडे ठेवून वाढवली आहेत. इमारतीतून कोणाचे मूल गावी जायचे असले की बॅग भरायला त्यांना बोलावतात. त्यांनी मला समोर बसवले.

"आजोबा, डायपर कधी बदललाय?"

नाही, असे मी सांगितले.

"मग विमानात काय करणार? पायलटला हाक मारणार?"

मुग्धा हसली. मी आल्यापासून ती प्रथमच हसत होती. त्यानंतर दीड तास मला डायपर बदलणे, बाटली धुणे, पावडरचे दूध गुठळी न होता ढवळणे, मनगटावर थेंब टाकून ते किती ऊन आहे हे पाहणे आणि मूल खांद्यावर घेऊन ढेकर काढणे हे शिकवण्यात आले. पहिला डायपर मी उलटा लावला. फिलोमिनाबाई म्हणाल्या की न्यायालयातल्या फायली मी अशाच बांधीत असेन तर आरोपी सुटत असतील. चौथा नीट लागला. "खलास, आजोबा पास," असे म्हणून त्यांनी परीक्षा संपवली. पुढचे दोन दिवस सगळा सराव माझ्याकडूनच करून घेतला गेला, कारण विमानात तीन तास मी एकटा असणार होतो.

जाताना त्या मुग्धाला म्हणाल्या, "तुझा वापरलेला गाऊन बॅगेत वर टाक. धुवू नको. पहिले आठ दिवस पोर त्याच्यावर झोपतं. आणि तिचा एक झबला तुझ्याकडे ठेव. तोही धुवू नको."

"तुम्ही ठेवला होता?" मुग्धाने विचारले.

"दोन्ही आहेत अजून," फिलोमिनाबाई म्हणाल्या. "थोरला गेल्या वर्षी इंजिनिअर झाला. मला मॅडम म्हणत नाही एवढंच."

मुग्धाने गाऊन बॅगेत ठेवला. झबला उशीखाली गेला. मी बॅगेचे वजन केले. ते मर्यादेत होते.

जुमेरा

येथे थोडे मागे जावे लागेल. सांगलीत आमची एक फिल्म सोसायटी होती आणि तिचा चिटणीस मी एकतीस वर्षे होतो. त्या काळी पूर्व युरोपचे चित्रपट वकिलातींकडून फुकट मिळत. पत्र्याच्या डब्यांतून रेल्वेने येत. मुख्य चित्रपटाबरोबर पुष्कळदा एखादा माहितीपटही असे. पूर्व जर्मनीचा असा एक माहितीपट आम्ही १९८८ च्या पावसाळ्यात दाखवला. कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रिया, आणि त्यांच्या मुलांसाठी सरकारी पाळणाघर. पाळण्यांच्या रांगा, पांढऱ्या टोप्यांतल्या परिचारिका, मागे वाद्यांचे प्रसन्न संगीत. एकही मूल रडत नव्हते.

त्या वेळी सुधा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, पाळ्यांची नोकरी. मुग्धा आठ-नऊ महिन्यांची. तिला कणकवलीला आजोळी ठेवावे असा माझा विचार होता. सुधा तयार नव्हती. तो माहितीपट मी पुरावा म्हणून मांडला. मुले आईवाचून राहतात, मी स्वतः पाहिले आहे, असे म्हणालो. मुग्धा डिसेंबरात कणकवलीला गेली. ठरले होते सहा महिने. आणली तेव्हा ती तीन वर्षांची झाली होती. सगळ्या जिल्ह्याचे फोन सुधा जोडून देई, पण कणकवलीच्या घरी फोन नव्हता. या विषयावर आमच्या घरात नंतर कधी बोलणे झाले नाही.

दुबईत मुग्धाने गेली दीड वर्षे ज्या चित्रपटाचे संकलन केले, तो हाइके नावाच्या जर्मन बाईंचा. वय एकोणपन्नास, मूळच्या पूर्व जर्मनीतील लाइपझिगच्या. यजमानांच्या बंदराच्या कामामुळे दुबईत आल्या. नऊ वर्षांचा एक मुलगा. चित्रपट त्यांच्या आईविषयी आहे. आई कारखान्यात क्रेन चालवीत असे आणि हाइके बाईंना साप्ताहिक पाळणाघरात ठेवीत असे: सोमवारी सकाळी सहाला सोडायचे, शुक्रवारी संध्याकाळी आणायचे. जर्मनीत या चित्रपटावरून वाद झाला होता. पश्चिमेकडचे म्हणत, पाहा ती राजवट किती निर्दय होती. पूर्वेकडचे म्हणत, आमच्या कष्टाळू आयांची ही बदनामी आहे. दोन्ही बाजूंचे लोक खेळ अर्धा टाकून उठून गेले, असे मुग्धाने सांगितले.

दुबईतला खेळ खाजगी होता. शुक्रवार दि. १४ रोजी जुमेरा भागातील एका जर्मन कुटुंबाच्या बंगल्यात, निमंत्रितांसाठी, चाळीस खुर्च्या मांडून. बहुतेक प्रेक्षक जर्मन स्त्रिया. वेळ सहाची होती आणि सहाला पडदा उजळला. आमच्या सोसायटीत हे एकतीस वर्षांत मला साधले नाही.

मुग्धा पुढे यंत्राजवळ होती. रेवा माझ्याकडे, शेवटच्या रांगेत. चित्रपट जर्मन, खाली इंग्रजी अक्षरे. हाइके बाईंची म्हातारी आई स्वयंपाकघरात बटाटे सोलीत बसली आहे. मुलगी विचारते, आठवडाभर माझी आठवण येत नसे का. आई बटाटा पुरा सोलते. मग म्हणते, "मी बावीस वर्षांची होते. मला झोप लागत असे." कॅमेरा हलत नाही. पुढचा बटाटा ती उचलते. मुग्धाने तो क्षण कापलेला नाही, हे मी पाहिले.

त्यानंतर जुनी सरकारी चित्रफीत आली. पाळण्यांच्या रांगा. पांढऱ्या टोप्या. आम्ही सांगलीत दाखवला तोच माहितीपट, असे मी शपथेवर सांगणार नाही. परंतु खिडकीजवळच्या पाळण्यातले ते उताणे मूल माझ्या ओळखीचे होते. येथे मात्र मागे संगीत नव्हते. मुळीच आवाज नव्हता. चाळीस खुर्च्या असलेल्या खोलीत यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. मुलांची तोंडे उघडत होती आणि मिटत होती.

त्याच वेळी रेवाने आपले काम उरकले. वास पुढच्या दोन रांगांपर्यंत गेला असावा, कारण माना वळल्या. मी उठलो, तिला घेऊन न्हाणीघरात गेलो, आणि डायपर बदलला. दार उघडे राहिले होते. पाणी घ्यायला आलेल्या एक-दोन बाया थांबून पाहून गेल्या. चित्रपटाची नऊ मिनिटे चुकली. हेही एकतीस वर्षांत घडले नव्हते.

नंतर चर्चा झाली. जर्मन लोक हात वर करतात आणि नाव पुकारले जाईपर्यंत बोलत नाहीत. श्टुटगार्टच्या एक डॉक्टर बाई म्हणाल्या की त्यांच्या पश्चिम भागात मूल दुसऱ्याकडे ठेवून कामावर जाणाऱ्या बाईला कावळी आई म्हणतात. पिलाला घरट्याबाहेर टाकणारी. हा शब्द ऐकावा लागू नये म्हणून त्यांनी आठ वर्षे दवाखाना बंद ठेवला, आणि आता त्या आठ वर्षांबद्दल कोणी काही विचारत नाही. ड्रेस्डेनच्या एक बाई उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "माझी आई चांगली होती. तुम्ही तिला आरोपीच्या पिंजऱ्यात का उभं केलंत?" हाइके बाई म्हणाल्या, "मी फक्त तिला बटाटे सोलू दिले." कोणीतरी हसले, पण ड्रेस्डेनच्या बाई हसल्या नाहीत. त्या खाली बसल्या आणि शेवटपर्यंत बसून राहिल्या. उठून गेल्या नाहीत, याची मी नोंद घेतली.

बापांविषयी प्रश्न एकही आला नाही. मुसफ्फाचा कठडा मला तेव्हा आठवला.

चर्चेनंतर बागेत खाणे होते. थंड बटाट्याचे सॅलड, शहाजिरे घातलेला काळा पाव, प्लमचा केक. पाव चांगला होता. हाइके बाई रेवाला पाहायला आल्या. आमचे बोलणे इंग्रजीत झाले. न्हाणीघरातले काम त्यांच्या कानावर गेले होते. म्हणाल्या, मुग्धा नशीबवान आहे, वडील मूल सांभाळायला आले.

मी सांगितले की गैरसमज होत आहे. मी सांभाळायला आलेलो नाही, न्यायला आलो आहे. सांभाळणार माझी पत्नी.

"त्या इथे आहेत?"

नाही, म्हटले. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. वॉकर घेऊन चालते.

हाइके बाई सरळ आहेत. टोमणा मारीत नव्हत्या. त्यांना खरोखर कळत नव्हते.

"म्हणजे ज्यांना चालता येत नाही, त्या मूल सांभाळणार. आणि तुम्हाला चालता येतं, तर तुम्ही काय करणार?"

याचे उत्तर माझ्याकडे होते. त्याची सुरुवात 'आमच्याकडे' या शब्दाने होत होती. मी तो शब्द उच्चारला आणि पुढचे वाक्य तयार होईना. मी केक खाल्ला.

परतताना टॅक्सीत निखिलराव पुढे बसले होते. ते परस्पर तेथे पोचले होते. रेवा मुग्धाच्या मांडीवर झोपली. मी मुग्धाला सांगितले की ती पाळण्यांची फीत मी पूर्वी पाहिली आहे, सांगलीत, आणि तेव्हा तिच्यावर संगीत होते.

"संगीत नंतर घातलेलं," ती म्हणाली. "मूळ फीत आम्ही मागवली. ती मुकीच आहे, बाबा. आवाज रेकॉर्डच केला नव्हता."

"म्हणजे मुले रडत नव्हती, असे नव्हे."

"ती रडत होती की नाही, हे त्या फितीवरून कुणालाच सांगता येणार नाही."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती आपल्या धंद्यातली एक गोष्ट सांगत होती. मी छत्तीस वर्षे पुरावे हाताळले आहेत. जो पुरावा मी स्वतः घरात मांडला, तो कसा तयार झाला हे तपासले नव्हते. मी तिला म्हणालो, "कणकवलीला तू रडत होतीस का, हे मी कधी विचारले नाही."

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "मला आठवत नाही. परत आणलं तेव्हाचं आठवतं. तुम्हाला काका म्हणायचे मी."



शनिवार, दि. १५

सकाळी आठला सुधाला फोन केला. सांगलीत साडेनऊ झाले होते. तिची बहीण सोबतीला होती. मी विचारले, "तुला रेवा झेपणार आहे का?"

ती म्हणाली, "हे आज विचारताय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला कुणी विचारलंच नव्हतं. आणतो म्हणालात, हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? डॉक्टर खाली बसू नको म्हणतात. पोर जमिनीवर असतं."

मी तिला माझा बेत सांगितला. व्हिसा साठ दिवसांचा आहे, तो पाच जानेवारीपर्यंत चालतो. नर्सरी त्याच सुमारास घेणार. मधले सात आठवडे मी येथे थांबतो. सुधा हसली. शस्त्रक्रियेनंतर तिला हसताना मी प्रथमच ऐकले. "दूध तापवता येतं का तुम्हाला?" तिने विचारले. पावडरचे असते, म्हटले. तिने बहिणीला हाक मारून हे सांगितले, आणि दोघी हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाली, "तिला ओरडू नका. मुग्धाला ओरडायचात."

घरातल्यांना नंतर सांगितले. निखिलराव चहाचा पेला हातात घेऊन उभे राहिले. "बाबा, तुम्ही? एकटे? अख्खा दिवस?" त्यांनी मग एकामागून एक अडचणी मांडल्या: ताप आला तर, पडली तर, मला चक्कर आली तर. प्रश्न रास्त होते. मी म्हणालो, दवाखाना कोपऱ्यावर आहे, फिलोमिनाबाई संध्याकाळी चारला घरी येतात, आणि माझा रक्तदाब तुमच्यापेक्षा चांगला आहे. पुढे असेही म्हणालो की विमानातले तीन तास ज्याच्यावर सोपवले, त्याच्यावर घरातले आठ सोपवायला हरकत नसावी.

मुग्धा दाराशी उभी होती. मला वाटले ती आभार वगैरे मानील, आणि ते टाळण्यासाठी मी वर्तमानपत्र उघडले. ती आत गेली. पाच मिनिटांनी बाहेर आली आणि उभ्या उभ्याच सांगू लागली.

"सहाला उठते. साडेनऊला पहिली झोप, चाळीस मिनिटं. दुपारी एक ते तीन. गाजर नको, पोट बिघडतं. पंख्याकडे बघत ठेवलं की खाते. लिहून घ्या, बाबा. मी सोमवारी फोनवर नसणार."

मी लिहून घेतले. तिने दोन ठिकाणी दुरुस्ती केली.

दुपारी फिलोमिनाबाई भरलेली बॅग पाहायला आल्या, तेव्हा मुग्धा ती रिकामी करीत होती. पलंगावर बसून त्यांनी एकेक झबल्याची पुन्हा घडी घातली. उठताना मला म्हणाल्या, "आजोबा, तालीम करून घेतली म्हणून राग नाही ना?" नाही, म्हटले. त्या आपल्या घरी गेल्या आणि दार लावून घेतले. त्या दिवशी पुन्हा आल्या नाहीत.

विमान कंपनीला फोन लागायला पाऊण तास गेला. मुलाचे तिकीट रद्द केले. माझे पाच जानेवारीवर नेले. पलीकडच्या मुलीने कारण विचारले. कौटुंबिक, असे सांगितले. ना-हरकत पत्राच्या दोन्ही प्रती फाडून टाकल्या.

संध्याकाळी सात वाजता रेवा झोपली. झोपेत तिने आपल्याच गालावर ओरखडा काढला. निखिलराव भांडी घाशीत होते, मुग्धा सोमवारचे कपडे पाहत होती. मी लहान कात्री उकळत्या पाण्यातून काढली, पुसली, दिव्याजवळ खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि तिच्या दोन्ही हातांची नखे कापली.